फिलिपिन्समध्ये नव्यानं आलात? इथलं जेवण बाहेर खायचं आणि घरी शिजवायचं कसं

दावाओ किंवा मनिलात मेडिकलला आलेली मुलं असोत, नाहीतर माकातीतल्या ऑफिसात बदलून आलेली माणसं, आपल्या मंडळींचे पहिले काही आठवडे ठरलेले असतात. मॉलमध्ये जॉलिबीचं तळलेलं चिकन, रविवारी भारतीय हॉटेलातलं महागडं पनीर आणि बाकीचे दिवस खोलीवर मॅगी. त्यातच कुणीतरी सांगून टाकतं, "इथलं जेवण बेचव असतं रे." मग ते ऐकून पुढची दोन-तीन वर्षं माणसं एकाही साध्या खाणावळीत पाऊल टाकत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ज्याला चिंच, नारळ, मासे आणि भात आवडतो त्याच्यासाठी हा देश म्हणजे पर्वणी आहे.

बेचव वाटण्याचं कारण साधं आहे. आपण तिखट आणि मसाला शोधतो. इथे चव आंबट आणि खारट या दोन खांबांवर उभी असते, आणि तीही पूर्ण पातेल्यात घातलेली नसते. निम्मी तुम्ही ताटात घालायची असते. तेवढं कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

१. आधी वाटी ओळखा

कुठल्याही टेबलावर छोट्या बाटल्या आणि एक रिकामी वाटी असते. त्या वाटीत जे कालवतात ते सावसावान. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी:

- तोयो: सोया सॉस. आपल्याकडच्या चायनीजच्या गाडीवरच्यापेक्षा पातळ आणि खारट.
- सुका: व्हिनेगर. ऊस, नारळाची माडी, निपा नावाचा खाडीतला ताड, अशा वेगवेगळ्या गोष्टींपासून केलेलं. गोव्याच्या माणसाला माडीचं व्हिनेगर सांगायला नको.
- पातिस: मासे मुरवून काढलेलं खारं पाणी. वास उग्र, चव खोल.
- बागोओंग: मीठ घालून आंबवलेली बारीक कोलंबी किंवा मासळी.
- कालामान्सी: गोटीएवढं लिंबू, बाहेरून हिरवं आणि आतून नारिंगी. बिया खूप, म्हणून बोटांच्या फटीतून गाळत पिळतात.
- सिलिंग लाबुयो: बारकी मिरची. दिसते लहान, पण घाम काढते.

आता जोड्या. तळलेली मासळी आणि लुंपिया (पातळ पापुद्र्यात सारण गुंडाळून केलेले रोल) यांना सुका, लसूण आणि मिरची. भाजलेल्या कोंबडीला तोयो, कालामान्सी, मिरची. रश्श्यातल्या माशाला किंवा मटणाला पातिस आणि कालामान्सी. शेंगदाण्याच्या घट्ट रश्श्याच्या कारे-कारेला बागोओंग, तो नसेल तर कारे-कारे मागवूच नका. पहिला घास कोरा खाऊन बघा, दुसरा वाटीत बुडवून खा. फरक तुमचा तुम्हालाच कळेल. तिखटाची सोय मिरची चुरडून होतेच.

२. कारिंदेर्यात जेवा

कारिंदेर्या म्हणजे गल्लीतली खाणावळ. पुढे काचेचं कपाट किंवा झाकणं घातलेल्या पातेल्यांची रांग, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पंखा. मेनूकार्ड नसतं. झाकण उचलून आत काय आहे ते बघायचं आणि बोट दाखवायचं. याला कुणी वावगं मानत नाही, सगळे तेच करतात. अशा दुकानांना तुरो-तुरोही म्हणतात.

बाईंना 'आते', पुरुषांना 'कुया' म्हणायचं, म्हणजे आपलं ताई आणि दादा. वाक्यात 'पो' घाला, तो आदराचा शब्द आहे. भाताबरोबर जे काही खातात ते उलाम, आणि शिजलेला भात म्हणजे कानिन. "आते, एक उलाम, एक राइस पो" एवढ्यावर जेवण मिळतं. इंग्रजी बहुतेकांना समजतं, पण एक 'पो' टाकलात की वाढणारा हात जरा सैल सुटतो.

पैशांचं म्हणाल तर साध्या वस्तीत एक उलाम आणि भात शंभर पेसोच्या आसपास जातो. उलाम अर्धाही मिळतो, त्यामुळे दोन अर्धे घेऊन दोन चवी बघता येतात. बऱ्याच ठिकाणी पातळ गरम रस्सा फुकट मिळतो, 'साबाव' मागा. सकाळी हजाराची नोट पुढे करू नका, सुट्टे नसतात. आता पुष्कळ ठिकाणी फोनवरून जीकॅशनं पैसे देता येतात, तरी खिशात नाणी असू द्या.

इथे वेळेला फार महत्त्व आहे. स्वयंपाक पहाटे होतो आणि दिवसभर तोच विकला जातो. साडेदहा-अकराला गेलात तर सगळी पातेली भरलेली आणि ताजी असतात. संध्याकाळी सातला त्याच पातेल्यातली मासळी घेणं मी टाळते. रात्रीसाठी समोर भाजून देणारी किंवा तळून देणारी जागा बरी.

खाताना उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा. काट्यानं घास चमच्यावर ढकलायचा. हातानं जेवणंही इथे जुनं आणि मानाचं आहे, त्याला कामायान म्हणतात. केळीच्या पानांवर भाताचा ढीग आणि त्यावर मासे, कोंबडी, भाज्या मांडून सगळे मिळून हातानं जेवतात. पण रोजच्या खाणावळीत चमचा-काटाच चालतो.

सकाळचा नाश्ता चुकवू नका. लसूण घालून परतलेला शिळा भात म्हणजे सिनांगाग, आणि अंडं म्हणजे इतलोग. यांच्याबरोबर जे येईल त्यावरून ताटाचं नाव ठरतं. तापा, म्हणजे मुरवून परतलेले गोमांसाचे पातळ तुकडे, असला तर तापसिलोग, सॉसेज असलं तर लाँगसिलोग, तळलेला बांगुस मासा असला तर बांगसिलोग. सोबत सुका मागायलाच हवा.

३. ताटात काय आहे ते विचारून घ्या

आपल्या लोकांची खरी फजिती इथे होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पाच शब्द पाठ करा: बाबोय म्हणजे डुक्कर, बाका म्हणजे गाय-बैल, मानोक कोंबडी, इस्दा मासा, हिपोन कोलंबी. गोमांस खात नसाल तर तापा, बिस्तेक, बुलालो आणि कारे-कारे या नावांपाशी थांबा आणि विचारा. काल्देरेता कधी बोकडाचा, कधी गोमांसाचा. दिनुगुआन हा काळा रस्सा डुकराच्या रक्तात शिजवलेला असतो. खायचा तर माहीत असून खा, चवीला तो उत्तम आंबट-दाट असतो.

शाकाहारी असाल तर एक गोष्ट मनावर कोरून ठेवा: 'भाजी आहे' याचा अर्थ मांस नाही असा होत नाही. पिनाकबेतमध्ये कारलं, वांगं, भेंडी, भोपळा सगळं असतं, आणि शिवाय बागोओंग आणि बहुधा डुकराचे तुकडे. लाइंग म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, पण त्यातही सुकी कोलंबी किंवा डुकराचं मांस पडतं. चॉपसुईत काळीज निघतं. पालेभाजीचा रस्सा मांसाच्या क्यूबचा असू शकतो. "नो मीट" म्हटलं तर मासे आणि कोलंबी येतीलच, कारण इथे मीट म्हणजे फक्त प्राण्याचं मांस. म्हणून एकेक नाव घेऊन नकार द्या: "वालांग बाबोय, वालांग इस्दा, वालांग हिपोन, वालांग बागोओंग, वालांग पातिस पो." यादी लांबली तरी चालेल, हसून ऐकून घेतात. तरीही तयार पातेल्यातून काही काढून देता येत नाही, हे लक्षात असू द्या. नव्यानं शिजवून देणारी जागा शोधा. तोक्वा म्हणजे टोफू, तो सगळीकडे स्वस्त मिळतो. कांगकोंग या पाणथळीतल्या पालेभाजीचा आदोबोही, म्हणजे सुका आणि तोयोत शिजवलेला पदार्थ, सांगून करून घेता येतो.

हलाल हवं असेल तर मनिलात कियापोच्या सोनेरी घुमटाच्या मशिदीजवळ दक्षिणेतल्या मिंदानाओ बेटाकडच्या मुस्लिम खाणावळी आहेत. तिथला नारळ आणि हळदीचा रस्सा आपल्या जिभेला लगेच ओळखीचा वाटतो. बेकरीतल्या होपियात आणि काही पावांत डुकराची चरबी असते, तेही विचारा.

रेस्टॉरंटचं बिल: किमतीत १२ टक्के व्हॅट बहुधा धरलेलाच असतो, वर सर्व्हिस चार्ज लागू शकतो. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

४. पालेंके, म्हणजे मंडई

सुपरमार्केट सोयीचं आहे, पण स्वयंपाक शिकायचा तर पालेंकेतच. सहा-सात वाजता जा. कोकणातल्या माणसाचं तर तिथे लगेच चित्त रमतं. शेवग्याचा पाला मालुंगाय, चिंच सांपालोक, बिंबलं कामियास, अळकुड्या गाबी, कारलं आंपालाया, दोडका पातोला, दुधी उपो, चवळीच्या शेंगा सिताव, केळफूल पुसो नांग सागिंग. सुरमई हवी असेल तर तानिगे विचारा, बांगडा हवा असेल तर आलुमाहान. बांगुसला काटे फार, तो 'बोनलेस' घ्या. सेबू-दावाओकडे कांद्याला बाँबे म्हणतात, त्यामुळे कुणी "बाँबे?" असं विचारलं तर तुमच्याबद्दल नाही, कांद्याबद्दल चाललंय.

मासे पारखायचं तुम्हाला शिकवायला नको. पण इथली एक पद्धत मला फार आवडते. मासा किंवा कोंबडी घेतली की पदार्थाचं नाव सांगायचं. "पांग-सिनिगांग पो" म्हटलं, म्हणजे चिंचेच्या आंबट रश्श्याला, की मासेवाली आते खवले काढते, कल्ले उपटते, डोकं उभं चिरते आणि जाड तुकडे करते. "पांप्रितो" म्हटलं, म्हणजे तळायला, की त्याच माशाला अख्खा ठेवून दोन्ही अंगांना तिरक्या चिरा मारते. कोंबडीवाल्यालाही 'पांग-आदोबो' एवढंच पुरतं. कापण्याचे वेगळे पैसे सहसा नसतात.

एकाच विक्रेत्याकडे सतत जा. काही दिवसांत तुम्ही त्याचे 'सुकी' होता, म्हणजे ठरलेलं गिऱ्हाईक. सुकी झालात की कोथिंबिरीऐवजी चार मिरच्या, मूठभर कालामान्सी पिशवीत पडतात आणि शिळा मासा असला तर तोच डोळ्यानं खुणावतो. भाव कमी करायला 'तावाद' म्हणतात. पाच-दहा पेसोपर्यंत मागा, त्याहून जास्त घासाघीस चांगली दिसत नाही.

सांभाळायच्या गोष्टी:

- वजनाची शंका आली तर मंडईत 'तिंबांगान नांग बायान' हा सार्वजनिक काटा शोधा आणि तिथे पुन्हा तोला.
- तिसऱ्या-कालवांच्या जातीचं काहीही घेण्याआधी रेड टाइडची सूचना बघा. समुद्रात विषारी शेवाळ वाढलं की सरकारचं मत्स्यव्यवसाय खातं, ज्याला सगळे बीफार म्हणतात, ते त्या भागातली शिंपली बंद करतं. शिजवून ते विष जात नाही.
- कापडी पिशवी न्या. केसोन सिटीसारख्या शहरात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे.
- चपला रबरी हव्यात. मासळीच्या बाजूला जमीन कायम ओली असते.

५. खोलीवर काय लागेल

पहिल्या आठवड्यात एवढंच घ्या:

- राइस कुकर
- खोलगट कढई, इथे कावाली
- झाकणाचं एक पातेलं
- धारदार सुरी, पाट
- तोयो, ऊस किंवा माडीचं सुका, पातिस
- तमालपत्र, अख्खे मिरे, लसूण, कांदे, आलं

भांडी घेण्याआधी घरमालकाला शेगडीचं विचारा. पुष्कळ उंच इमारतींत गॅसच्या टाकीला परवानगी नसते. मग इंडक्शन घ्यावं लागतं आणि भांडी त्याला चालणारी हवीत. सुकी मासळी तळायची हौस असेल तर खिडकी आणि शेजारी दोन्ही बघून तळा. पिण्याचं पाणी गल्लीतल्या रिफिलच्या दुकानातून मोठ्या कॅनमधून येतं.

भात थोडा चिकट असतो आणि तो तसाच हवा. तांदूळ धुऊन कुकरमध्ये सपाट करा, बोटाचं टोक तांदळावर टेकवा, पाणी पहिल्या पेरापर्यंत आलं की पुरे. दुसऱ्यांदा धुतलेलं पाणी फेकू नका, पुढे लागणार आहे.

डाळी, हिंग, गोडा मसाला मनिलात लागले तर पाकोमध्ये युनायटेड नेशन्स ॲव्हेन्यूवरच्या गुरुद्वाऱ्याच्या आसपास भारतीय किराणा मिळतो. पण पहिला महिनाभर तो मसाला फिलिपिनो पदार्थात घालू नका. आधी मूळ चव जिभेवर बसू द्या.

६. पहिले चार पदार्थ, याच क्रमानं

तोर्तांग तालोंग. लांब जांभळी वांगी थेट आचेवर भाजा, देठ ठेवून साल काढा. काट्यानं दाबून पंख्यासारखं पसरवा. फेटलेल्या अंड्यात मीठ-मिरपूड घालून त्यात बुडवा आणि देठ धरूनच कढईत सोडा. दोन्ही बाजू तांबूस झाल्या की भाताबरोबर खा. सोबत तोयो-कालामान्सी. इंडक्शन असेल तर वांगी उकडून घ्या, धुराचा वास येणार नाही पण पदार्थ होतो.

आदोबो. एक किलो कोंबडीला अर्धा कप सुका, पाऊण वाटी तोयो, ठेचलेला अख्खा लसणाचा गड्डा, तीन तमालपत्रं, चमचाभर मिरे आणि अर्धा कप पाणी. सगळं एकत्र मंद आचेवर ठेवा. सुका घातल्यावर उकळी फुटेपर्यंत ढवळायचं नाही आणि झाकणही ठेवायचं नाही, म्हणजे कच्चा आंबट वास उडून जातो. इथल्या कुठल्याही आजीला विचारा, ती हेच सांगेल. मग झाकून अर्धा तास शिजवा. तुकडे बाहेर काढून थोड्या तेलात परता, रस आटवून वर ओता. मीठ घालू नका, तोयोचं पुरतं. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो. बातांगासकडे तोयोऐवजी हळद घालून पिवळा आदोबो करतात, काही ठिकाणी शेवटी नारळाचं दूध घालतात. तोयो न घातलेला पांढराही असतो. कोंबडीऐवजी कांगकोंग, चवळीच्या शेंगा किंवा तोक्वा घेतलात तर शाकाहारी झाला, फक्त वेळ दहा मिनिटांवर आणा.

सिनिगांग. माझ्या मते या देशाचा सगळ्यात सुंदर पदार्थ हाच. पाव किलो कच्ची चिंच पाण्यात मऊ उकळा, कुस्करा, गाळा. तांदळाच्या त्या धुवणात कांदा आणि टोमॅटो उकळायला ठेवा. गाबी आणि मुळ्याच्या चकत्या घाला, त्या मऊ झाल्या की चवळीच्या शेंगा, भेंडी, वांगं. मग चिंचेचं पाणी आणि मासे किंवा कोलंबी. लांब हिरवी मिरची अख्खी सोडा, ती फक्त वासासाठी असते. पातिस घालून चव बघा. आच बंद करून कांगकोंगची पानं वर टाका आणि झाका. फोडणी नाही, हळद नाही, गूळ तर नाहीच. हात शिवशिवतील, आवरा. आंबटपणा इतका हवा की पहिल्या घोटाला डोळे बारीक व्हावेत. चिंचेऐवजी कामियास किंवा पिकलेले पेरूही चालतात. पाकिटातली पावडर घाईच्या दिवशी वापरा, पण एकदा तरी खऱ्या चिंचेचं करा.

मोंगो. अख्खे हिरवे मूग मऊ शिजवायचे, लसूण-कांदा-टोमॅटो परतून त्यात सोडायचे, शेवटी शेवग्याचा पाला. कारिंदेर्यात हे बहुधा शुक्रवारी मिळतं, कारण कॅथलिक घरांत शुक्रवारी, विशेषतः ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, मांस वर्ज्य करण्याची प्रथा आहे. बाहेर त्यात धुरावलेली मासळी किंवा डुकराची तळलेली कातडी असते, म्हणून शाकाहाऱ्यांनी घरीच करावं. घराची आठवण येईल त्या दिवशी याच्यासारखं काही नाही.

७. मग जरा लांब जा

दाम्पा म्हणजे खालच्या बाजारात मासे घ्यायचे आणि बाजूच्या हॉटेलात शिजवून घ्यायचे, त्याला पालुतो म्हणतात. क्युबाओच्या फार्मर्स मार्केटला आणि पासायच्या माकापागाल रस्त्यावर ही सोय आहे. दोन भाव वेगवेगळे ठरवायचे: माशांचा किलोचा आणि शिजवण्याचा किलोचा. हात धरून ओढणाऱ्या दलालांच्या मागे जाऊ नका. तोललेले मासे डोळ्यांदेखत स्वयंपाकघरात जाऊ द्या.

बिनोन्दो ही १५९४ साली वसलेली चिनी वस्ती, लुंपिया आणि नूडल्ससाठी. पांपांगाला सिसिगसाठी, म्हणजे डुकराच्या मांसाच्या बारीक चुरचुरीत तुकड्यांसाठी, बिकोलला नारळ आणि मिरचीसाठी जा. बिकोलमध्ये मात्र तिखट खरोखर तिखट असतं. दावाओत टुनाचा जबडा निखाऱ्यावर भाजून मिळतो, भाताबरोबर अख्खा संपवावासा वाटतो.

चारच्या सुमाराला मेरियेंदा, म्हणजे मधलं खाणं. केळं साखरेत तळलेलं बनाना क्यू, पोळीत गुंडाळलेला तुरोन, आणि सकाळी बादल्यांची कावड घेऊन ओरडत येणाऱ्या माणसाकडचा गरम ताहो: मऊ टोफू, गुळाचा पाक, साबुदाणा. रस्त्यावर काडीला टोचून मिळणारं खाणं जिथे भराभर खपतं तिथेच घ्या. सुक्याची बरणी सगळ्यांची असते, काडी एकदाच बुडवायची. डिसेंबरमध्ये, १६ ते २४ तारखेच्या पहाटेच्या प्रार्थनांच्या दिवसांत, चर्चबाहेर केळीच्या पानावर भाजलेली बिबिंगका मिळते. गोव्याच्या बेबिंकाशी नाव जुळतं, पदार्थ वेगळा. वर किसलेलं खोबरं मागून घ्या.

८. कुणी जेवायला बोलावलं तर

जेवणारा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला "काइन तायो", चला जेवू या, असं म्हणतोच. ती बहुतेक वेळा रीत असते. हसून "सिगे पो, सालामात" म्हणा आणि पुढे जा. दुसऱ्यांदा, आग्रहानं म्हटलं तर बसा.

वाढदिवसाला पान्सित असतं, दीर्घायुष्यासाठी. शेवया मुद्दाम तोडू नका. काय खात नाही हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ऐन ताटावर सांगितलं तर यजमानीण कासावीस होते आणि नव्यानं काहीतरी करायला धावते. रिकाम्या हातानं जाऊ नका. फळं, पाव, किंवा तुम्ही केलेला शिरा न्या, तो इथे पटकन संपतो.

निघताना डबा भरून देतातच, तो घ्या. त्यात आदोबो असला तर सकाळी हाडं काढून मांस बोटांनी सुटं करा, कोरड्या कढईत कुरकुरीत होईपर्यंत परता आणि लसणाच्या भातावर घाला. उरलेला रस भातातच जिरवा, वर एक तळलेलं अंडं.